बालपुस्तकांच्या प्रकाशकांना खुलं पत्र: लायब्ररीतल्या बाहुलीनाट्यासाठी हक्कपानावर चार ओळी छापा

बालपुस्तकांचे प्रकाशक, संपादक आणि हक्क विभागात काम करणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी बाहुल्यांचे खेळ करते. हातबाहुल्या, काठीबाहुल्या, कधीमधी पडद्यावर सावल्यांचा खेळ. यातले बरेचसे खेळ लायब्ररीच्या बालविभागात होतात, तिकीट नसतं, समोर सतरंजीवर बसलेली मुलं आणि मागे त्यांचे आईवडील, बस. तुमच्याकडे एकच मागणी आहे आणि ती सुरुवातीलाच सांगते. तुमच्या पुस्तकावर लायब्ररीत विनामूल्य बाहुलीनाट्य करायचं असेल तर ते चालतं की नाही, चालत असेल तर कुठल्या अटींवर, आणि चालत नसेल तर कुणाला विचारायचं, एवढं पुस्तकाच्या हक्कपानावर, म्हणजे कॉपीराइटची माहिती असते त्या सुरुवातीच्या पानावर, स्पष्ट छापा. तीनचार ओळींचं काम आहे. त्या ओळी नसल्यामुळे काय काय होतं ते मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

लायब्ररीतून फोन येतो, ग्रंथपाल बाई उत्साहात असतात, नवीन पुस्तक आलंय, मुलं त्याच्यावर तुटून पडलीयेत, याच्यावर खेळ बसवाल का? मी विचारते परमिशनचं काय, तर पलीकडून हमखास उत्तर येतं की अहो पुस्तक आपण विकत घेतलंय ना, आणि शो तर फुकटच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि दोन्हींनी प्रश्न सुटत नाही. विकत घेतली ती प्रत. ती वाचा, वाचायला द्या, जुनी झाली की विका, पण त्या गोष्टीचं नाटक करून लोकांसमोर सादर करायचा हक्क त्या प्रतीबरोबर येत नाही, तो लेखकाकडेच राहतो किंवा लेखकाने ज्याला दिला असेल त्याच्याकडे. बर्न कराराने, म्हणजे कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराने, रूपांतराचा हक्क आणि जाहीर प्रयोगाचा हक्क हे दोन वेगवेगळे हक्क मानलेत आणि तो करार १८८६ पासूनचा आहे, म्हणजे यात नवीन काहीच नाही. तरी लायब्ररीत काम करणाऱ्या कितीतरी चांगल्या, प्रामाणिक माणसांना हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

आता एका छोट्या खेळात किती जणांचे हक्क येतात ते बघा. समजा एका चित्रपुस्तकात अस्वल आहे, एक कान दुमडलेला, पोटावर निळं ठिगळ, भुवया इतक्या जाड की डोळे अर्धे झाकलेले. मी फोमचं डोकं कापते, वर तपकिरी कापड चढवते, कान दुमडून टाका घालते, ठिगळ लावते, भुवया लावते आणि तेच अस्वल हातात येतं. मुलं लांबूनच ओळखतात आणि ओरडतात, म्हणजे बाहुली जमली. पण जमली याचाच अर्थ असा की मी चित्रकाराचं चित्र त्रिमितीत उतरवलं, आणि तो हक्क चित्रकाराचा आहे, लेखकाचा नव्हे. गोष्टीतले संवाद मी घेतले, मधले दोन प्रसंग गाळले, शेवटाआधी एक प्रसंग वाढवला, हे झालं रूपांतर. मग प्रयोग झाला. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. मध्ये गाणं वाजवलं तर गीतकार, संगीतकार, रेकॉर्डिंग कंपनी. पोस्टरवर पात्राचं नाव मोठ्या अक्षरात टाकलं आणि ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असलं तर तो आणखी एक वेगळा विषय. आणि हे सगळं पाऊण तासाच्या खेळासाठी, जो एका कोपऱ्यात टेबलाला चादर लावून होतो.

फुकट कार्यक्रम आहे म्हणजे सूट असणारच, असं सगळ्यांनाच वाटतं. सूट असते, पण ती देशागणिक बदलते आणि नेमकी नाटकापाशी येऊन अडते. अमेरिकेच्या कायद्यात विनामूल्य, बिनव्यापारी सादरीकरणाला सूट आहे पण ती नाट्यरूप नसलेल्या साहित्याला आणि संगीताला, आणि त्यातही सादर करणाऱ्याला त्या कार्यक्रमाचं मानधन दिलेलं चालत नाही आणि प्रक्षेपण चालत नाही. जर्मनीच्या कायद्यात अशा कार्यक्रमांना बरीच मोकळीक आहे पण रंगमंचीय सादरीकरणाला परवानगी कायम लागतेच असं तिथे सरळ लिहिलंय. ब्रिटनमध्ये एका व्यक्तीने प्रकाशित पुस्तकातला वाजवी भाग लोकांसमोर वाचला आणि लेखकाचं, पुस्तकाचं नाव नीट सांगितलं तर चालतं, म्हणजे भाग चालतो, अख्खं पुस्तक नाही, आणि वाचन चालतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेल्या नाट्यप्रयोगालाही सूट आहे, ही इतर काही देशांपेक्षा बरीच उदार तरतूद आहे, पण तिथेही शब्द हौशी मंडळ असाच आहे. लायब्ररीने मानधन देऊन बोलावलेली बाहुलीवाली हौशी मंडळ ठरते का? पगारी ग्रंथपालाने ड्युटीच्या वेळेत केलेला खेळ ठरतो का? यावर ग्रंथपालाने वकील गाठायचा का, शनिवारच्या एका कार्यक्रमासाठी?

वाचन कुठे संपतं आणि नाटक कुठे सुरू होतं हाही बाहुलीवाल्यांसाठी रोजचा प्रश्न आहे, आणि तो पुस्तकी नाही. मी खुर्चीत बसले, डाव्या हातात पुस्तक उघडं धरलं, उजव्या हातात बाहुली आणि मजकूर शब्दन् शब्द वाचला, बाहुली फक्त मान हलवते, कधी पानाकडे बोट दाखवते. हे वाचन आहे असं बहुतेक जण म्हणतील. तीच बाहुली पात्राच्या आवाजात त्याची वाक्यं बोलायला लागली तर? पुस्तक खाली ठेवलं, मी पडद्यामागे गेले, दोन हातांत दोन पात्रं, निवेदन काढून टाकलं आणि त्यांचं भांडण समोरासमोर लावलं तर ते उघडच नाटक झालं. मधल्या टप्प्यावर मी कुठे उभी आहे हे मला स्वतःलाच ठरवावं लागतं, आणि बरेच जण काय करतात तर घाबरून अलीकडेच थांबतात. म्हणजे वाचतात, बाहुली नुसती मांडीवर बसवतात. मुलांना कळतं हो ते. बाहुली जिवंत आहे की नाही हे चार वर्षांच्या मुलालाही पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं.

मग सुरक्षित म्हणून सगळे जुन्या गोष्टींकडे वळतात. लोककथा, पंचतंत्र, इसापाच्या गोष्टी, ग्रिम बंधूंच्या परीकथा. मला या गोष्टी मनापासून आवडतात आणि बाहुल्यांना त्या शोभतातही, पात्रं मोजकी, स्वभाव ठळक, भांडण लगेच सुरू होतं. पण तिथेही पायाखाली बघूनच चालावं लागतं. मूळ कथा सगळ्यांची असली तरी मागच्या वर्षी कुणीतरी नव्याने सांगितलेली आवृत्ती त्याची असते, त्यातली नवी वाक्यं, नवे विनोद, नवा शेवट, नवी चित्रं त्याची. पिनोकियोचं उदाहरण आम्हा बाहुलीवाल्यांना अगदी घरचं. कार्लो कोलोडी १८९० मध्ये वारले, पुस्तक १८८३ चं, ते केव्हाच मुक्त झालं, म्हणजे त्यावरचा कॉपीराइट संपला. पण बहुतेक मुलांच्या डोक्यात जो पिनोकियो आहे तो १९४० च्या डिस्नेच्या सिनेमातला, त्याची टोपी, त्याचे कपडे, त्या सिनेमातली गाणी, ते मुक्त नाही. त्यामुळे लाकडी मुलाची बाहुली करायची तर मूळ पुस्तक पुन्हा वाचून, सिनेमा डोक्यातून काढून करावी लागते. ते मी आनंदाने करते, कारण पुस्तकातला पोरगा जास्त खट्याळ आणि जास्त खरा आहे.

हक्क किती वर्षं टिकतो त्या मुदतींचाही असाच घोळ आहे. बर्न करारात किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं, भारतात ६०, युरोपीय संघात ७०, मेक्सिकोत १००. विनी द पू या गोष्टीतल्या अस्वलाचं पहिलं पुस्तक १९२६ चं. अमेरिकेत ते १ जानेवारी २०२२ ला मुक्त झालं, चित्रांसकट. ब्रिटनमध्ये लेखक मिल्न १९५६ मध्ये गेले म्हणून मजकुरावरचा हक्क २०२६ संपेपर्यंत, आणि चित्रकार शेपर्ड १९७६ मध्ये गेले म्हणून चित्रांवरचा हक्क २०४६ संपेपर्यंत. म्हणजे एकाच पुस्तकातली गोष्ट करायची मोकळीक आणि त्यातल्या चित्रांसारखी बाहुली करायची मोकळीक यात वीस वर्षांचं अंतर. लायब्ररीतल्या माणसाने हे पाठ करून ठेवावं अशी अपेक्षा कुणीच करू नये.

आणि जुन्या गोष्टी कितीही चांगल्या असल्या तरी मुलं आज जी पुस्तकं वाचतायत त्यांचं काय? आत्ताचे लेखक आणि चित्रकार जे काम करतायत ते बघून हात शिवशिवतात. एखाद्या चित्रपुस्तकात एका पानावर काही शब्दच नसतात, नुसती पात्राची पाठ दिसते, आणि ती पाठ बघून मला कळतं की बाहुलीच्या मानेत तार कुठे घालायची. ती बाहुली होत नाही, कारण परमिशनचा पत्ताच लागत नाही.

पत्ता लागत नाही म्हणजे काय ते सांगते. हक्कपानावर ओळ असते, सर्व हक्क सुरक्षित, या पुस्तकाचा कोणताही भाग लेखी परवानगीशिवाय कोणत्याही माध्यमात वगैरे वगैरे. ठीक आहे, लेखी परवानगी मागू. वेबसाइटवर पुस्तकं विकायचा विभाग सापडतो, हक्क विभाग शोधावा लागतो, सापडला तर त्यात परदेशी भाषांतराचे आणि सिनेमाचे हक्क यांचीच माहिती असते. मेल पाठवते, त्यात सगळं लिहिते, कुठलं पुस्तक, कुठली लायब्ररी, तारीख, किती प्रेक्षक, तिकीट नाही, रेकॉर्डिंग नाही. ऑटो रिप्लाय येतो. मग काही नाही. एका प्रकाशकाकडून कार्यक्रमाची तारीख उलटून गेल्यावर उत्तर आलं, त्याला जोडलेला फॉर्म व्यावसायिक नाट्यगृहासाठी होता, आसनक्षमता किती, तिकिटाचे दर किती, एकूण प्रयोग किती, तिकीटविक्रीतला किती टक्के वाटा देणार. मी सगळीकडे शून्य भरायचं का? ज्याने पाठवला त्याचा दोष नाही, त्याच्याकडे तोच एक फॉर्म असणार. माझं म्हणणं इतकंच आहे की आमच्यासारख्यांसाठी तुमच्याकडे कप्पाच नाही.

नुसता नकार आला असता तरी मला चाललं असतं, खरंच. नाही म्हणायचा हक्क लेखकाला आहेच आणि तो मी मानते. पण नकार आणि शांतता यात फरक आहे. नकार आला की दुसरं पुस्तक घेता येतं. उत्तरच नाही आलं की कार्यक्रम लटकतो, ग्रंथपाल बाई दोनदा फोन करतात, मी सांगते थांबा, आणि शेवटी परत तोच ससा आणि तेच कासव.

दुसरीकडे असेही लोक आहेत जे विचारतच नाहीत, सरळ करून टाकतात. त्यांना वाटतं कोण बघायला येतंय. त्यांच्या खेळात लेखकाचं नाव घेतलं जात नाही, चित्रकाराचं तर नाहीच नाही, पुस्तकाचं नाव बदललेलं असतं, म्हणजे कुणाला कळू नये. मला याचा फार त्रास होतो. आज अशी परिस्थिती आहे की नियम पाळणारा ताटकळतो आणि न पाळणाऱ्याचं काही बिघडत नाही, आणि दोन्हीकडे नुकसान तुमच्या लेखकाचंच.

कारण खेळ संपल्यावर काय होतं ते तुम्ही बघायला हवं. मी पुस्तकाच्या प्रती पडद्याशेजारच्या टेबलावर मांडून ठेवते, शेवटी बाहुलीच्याच तोंडून सांगते की ही गोष्ट कुणी लिहिली, चित्रं कुणी काढली. मुलं टेबलाकडे पळतात. पान उलटून बघतात की अस्वलाचं ठिगळ खरंच निळं आहे का. प्रती संपल्या की मागे उभी राहिलेली मुलं काउंटरवर नाव नोंदवतात, आणि जी पुस्तकं एरवी कपाटात पाठ करून उभी असतात ती पुढचे कित्येक आठवडे हातात फिरत राहतात. पालक फोटो काढून घेतात, विकत कुठे मिळेल विचारतात. तुमच्यातले काही जण पुस्तकाबरोबर त्याच पात्राची हातबाहुली विकतात, छान असतात त्या, मीही घेतल्यात. मग ती बाहुली हातात घालून लायब्ररीत तीच गोष्ट करायची तर चालतं का, हे पाकिटावर कुठेच नसतं.

हे अशक्य नाही, तुम्ही करून दाखवलंय. २०२० च्या मार्चमध्ये शाळा, लायब्ऱ्या बंद पडल्या तेव्हा कितीतरी मोठ्या प्रकाशकांनी बघता बघता जाहीर केलं की शिक्षक आणि ग्रंथपाल आमची पुस्तकं ऑनलाइन वाचून दाखवू शकतात, अमुक तारखेपर्यंत, सुरुवातीला पुस्तकाचं आणि आमचं नाव घ्या, मुदत संपली की व्हिडिओ काढून टाका. साध्या भाषेत, एका पानावर. वकिलांनी ते लिहिलं, लेखकांनी मान्य केलं, लोकांनी पाळलं. दुसरं उदाहरण प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या वेबसाइटचं, २०१५ पासून तिथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आधीच खुली परवानगी देऊन ठेवणाऱ्या, लायसन्सखाली आहेत, नाव द्या आणि वापरा, भाषांतर करा, रूपांतर करा. सगळ्यांनी तसं करावं असं मी म्हणत नाही, लेखकाचं पोट पुस्तकावर असतं आणि सगळं मोकळं सोडणं प्रत्येकाला परवडत नाही. पण सगळं बंद आणि सगळं मोकळं यांच्यामध्ये भरपूर जागा आहे आणि आम्हाला त्यातली अगदी थोडी हवी आहे.

मजकूर कसा असावा याचा मी कच्चा खर्डा देते, तुमचे वकील तो नीट करतील:

"सार्वजनिक ग्रंथालयात किंवा शाळेत, प्रत्यक्ष उपस्थित प्रेक्षकांसमोर, प्रवेशशुल्क न घेता या पुस्तकावर आधारित कथावाचन किंवा बाहुलीनाट्य सादर करण्यास परवानगी आहे. सादरकर्त्याला आयोजकाने मानधन दिले तरी चालेल. पुस्तकाचे, लेखकाचे, चित्रकाराचे आणि प्रकाशकाचे नाव सादरीकरणात व जाहिरातीत द्यावे. पात्रांच्या बाहुल्या केवळ सादरीकरणासाठी कराव्यात, विकू नयेत. ध्वनिचित्रमुद्रण, ऑनलाइन प्रसारण किंवा सशुल्क प्रयोग यांसाठी हक्क विभागाशी संपर्क साधावा."

मानधनाचं वाक्य मी मुद्दाम घातलंय आणि ते कृपया गाळू नका. बाहुलीवाल्यांना लायब्ररी जे देते त्यात प्रवास, कापड, फोम आणि तालमीचा वेळ बसवायचा असतो, तो काही धंदा नाही. ते वाक्य नसलं तर परवानगी फक्त ज्यांना फुकट काम करणं परवडतं त्यांच्यासाठीच राहील.

तुमची अडचण मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल नाट्यरूपांतराचे हक्क आमच्याकडे नाहीतच, ते लेखकाने किंवा त्याच्या एजंटने राखून ठेवलेत, किंवा सिनेमावाल्यांनी सगळे नाट्यहक्क एकगठ्ठा घेतलेत आणि आता लेखकालाही परवानगी देता येत नाही. बरोबर आहे. म्हणून ही गोष्ट करारातच आली पाहिजे, पुस्तक छापायच्या आधी. लेखकाशी आणि चित्रकाराशी करार करताना एक कलम टाका, ग्रंथालयातल्या विनामूल्य प्रत्यक्ष सादरीकरणाला परवानगी देता येईल, आणि पुढे हक्क कुणालाही विकले तरी एवढा भाग बाजूला राहील. जुन्या पुस्तकांसाठी लेखकांना एक मेल करून विचारा, जे हो म्हणतील त्यांच्या पुस्तकांची यादी वेबसाइटवर लावा. जे नाही म्हणतील त्यांचीही लावा, म्हणजे आम्ही त्या वाटेला जाणार नाही.

काही लेखकांना भीती असते की आमच्या गोष्टीची वाट लावतील. ही भीती रास्त आहे, आणि कलाकृतीची मोडतोड होऊ नये हा लेखकाचा नैतिक हक्क १९२८ पासून बर्न करारातही आहे. तुमच्या ओळींत खुशाल लिहा की शेवट बदलायचा नाही, पात्रं जाहिरातीला वापरायची नाहीत, कथेत कुणाचा प्रचार घुसवायचा नाही. आम्ही पाळू. प्रसंग गाळायची मुभा तेवढी ठेवा, कारण पुस्तकातली दहा पात्रं दोन हातांना पेलत नाहीत.

गाण्यांचं मी तुमच्यावर टाकत नाही, ते तुमच्या हातात नाही. पण पुस्तकाबरोबर तुम्ही स्वतः गाणं काढलं असेल, क्यूआर कोड देऊन, तर ते खेळात वाजवता येतं का तेही लिहा. लायब्ररीकडे संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचं लायसन्स असलं तरी ते बहुतेकदा नुसतं संगीत वाजवण्यासाठी असतं, नाट्यप्रयोगातल्या वापराला त्यात जागा नसते, आणि हे माहीत नसलेले आयोजक फार आहेत.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत तुम्ही कडक राहिलात तरी माझी तक्रार नाही. प्रत्यक्ष खेळ तिथल्या तिथे संपतो, व्हिडिओ जन्मभर फिरतो आणि पुस्तकाची जागाही घेऊ शकतो. फक्त दोन गोष्टी बघा. एक, पालकांनी मोबाइलवर केलेल्या अर्ध्या मिनिटाच्या शूटिंगसाठी लायब्ररीला धरू नका. दोन, जी मुलं आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे लायब्ररीत येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी पासवर्ड लावलेलं, ठरावीक दिवसांनी काढून टाकायचं रेकॉर्डिंग मागितलं तर त्याला जरा लवकर उत्तर द्या.

आमच्या बाजूने मी सांगू शकते ते असं की ओळी छापल्यात तर त्यांच्या आत राहूनच खेळ करू, पुस्तकातली चित्रं स्कॅन करून पडद्यावर लावणार नाही, प्रत्येक प्रयोगाची तारीख, जागा आणि अंदाजे प्रेक्षक तुम्हाला कळवू, हवं असेल तर फोटोही पाठवू. लेखक, चित्रकार जवळपास असतील तर त्यांनी यावं, पडद्यामागे बसावं, बाहुली हातात घालून बघावी. एका चित्रकाराने असं येऊन बाहुलीचा कान माझ्याकडून उसवून परत वेगळ्या कोनात लावून घेतला होता, आणि ते बरोबरच होतं, पात्र एकदम ऐकतंय असं वाटायला लागलं.

तुमच्यापैकी जे कुणी पुढच्या छपाईत या ओळी घालायला तयार असतील त्यांनी तसं जाहीरपणे सांगा, म्हणजे ग्रंथपालांना कळेल आणि खरेदीची यादी करताना ते त्या पुस्तकांचा आधी विचार करतील. खर्ड्यात काही अडत असेल तर तेही लिहा, आम्ही दुरुस्त करू.

आपली,
लायब्ऱ्यांतून बाहुल्यांचे खेळ करणारी एक